रजा आणि खाडा

आठवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला रजेचा अर्ज शिकवावा लागतो. दरवर्षी साचा तोच. प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय. महोदय. आपला आज्ञाधारक विद्यार्थी. आमची मुलं उर्दू माध्यमाची, म्हणून मी आधी उर्दूत समजावते आणि मग मराठीत लिहून घेते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधी हाच पाठ चालू होता. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तो दर हंगामाला आईबापाबरोबर कारखान्याला जायचा. तो म्हणाला, "मॅडम, असा अर्ज मुकादमाला देता येतो का?" वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग तोच म्हणाला, "तिकडं रजा नसती मॅडम. तिकडं खाडा असतो."

दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्द चाळायची खोड असते. 'रजा' हा अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आलेला शब्द. उर्दूत रजा म्हणजे मर्जी, संमती. 'राजी' त्याच घरातला. सुट्टीसाठी उर्दूत आम्ही रुखसत म्हणतो, छुट्टी म्हणतो. मराठीनं मात्र संमतीचाच शब्द सुट्टीला लावला. म्हणजे रजा घेतलेल्या माणसाच्या न येण्याला समोरच्याची मान्यता आहे. तो कामावर नाही, पण त्याचं कामावरचं नातं शाबूत आहे. खाड्यात ही मान्यता नाही. खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी, आणि ऊसतोडीत त्याचा दंड. नवरा-बायकोच्या जोडीतलं एक जण एक दिवस फडात उतरलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम उचलीच्या हिशोबात दंड मांडतो. २०१९ साली बीडच्या बायकांनी पत्रकारांना हा आकडा दिवसाला ५०० रुपये सांगितला होता.

आम्हा शिक्षकांना किरकोळ रजा आहे, अर्जित रजा आहे, वैद्यकीय रजा आहे, बाईला प्रसूती रजा आहे. बी.एड.ला शालेय व्यवस्थापनाच्या पेपरात वेळापत्रक कसं करावं हे शिकवलं होतं: अवघड विषय सकाळी ठेवा, जेवणानंतर लगेच गणित नको, एका शिक्षकाचे सलग तास लावू नका, कारण थकवा नावाची गोष्ट असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर शिक्षकाचा आठवडा तयारीच्या वेळेसकट ४५ तासांचा असावा, असं अनुसूचीत लिहून ठेवलं. मतदार याद्यांचं काम आलं की आम्ही याच कायद्याकडे बोट दाखवून कुरकुरतो, आणि ती कुरकूर खोटी नसते. पण कुरकुरायला आमच्याकडे एक आकडा आहे. त्या मुलाच्या आईकडे असा आकडा का नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सतावत राहिला. म्हणून थोडा इतिहास वाचला. तो इथे मांडते.

मजुराला रजा कुणी खुशीनं दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसाच्या तासांना त्यानं हात लावला नाही. १८८४ मध्ये सरकारनं कारखान्यांच्या चौकशीला आयोग नेमला, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि आधी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. आतून पाहिलेला माणूस होता. निवेदनातल्या मागण्या वाचल्या तर मागणाऱ्याचा संयम दिसतो: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, यंत्रावर हात गेला तर भरपाई मिळावी. एवढंच. त्यासाठी सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर दहा हजार कामगार जमले, बायकाही बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यानं ती पक्की केली आणि बायकांचा दिवस ११ तासांवर आणला.

मुसलमान वाचकांना लोखंड्यांची आणखी एक ओळख असायला हवी. १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी धडपडणाऱ्यांत ते होते. १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करतानाच ते गेले. आपल्याकडे रविवारी आरामात उठणारे बहुतेक लोक हे नाव जाणत नाहीत. मीसुद्धा बी.एड. होईपर्यंत जाणत नव्हते.

आता ती १८८४ ची यादी बीडच्या ऊसतोड मजुरापुढे ठेवून पाहा. आठवड्याची सुट्टी नाही. दुपारची ठरलेली विश्रांती नाही. सूर्यास्ताला काम थांबत नाही, कारण ट्रक रात्री येतो. मजुरीचा हिशोब हंगाम संपल्यावर. जखमेची भरपाई मुकादमाच्या दयेवर. गिरणी कामगारानं जे व्हिक्टोरिया राणीच्या काळात मागितलं, ते आपल्या जिल्ह्यातली काही लाख माणसं आजही मागण्याच्या पायरीपर्यंत पोचलेली नाहीत.

असं का झालं, याचं उत्तर कारखान्याच्या गेटपाशी सापडतं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला. त्यापाठोपाठ नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागांत कारखाने वाढत गेले. तोपर्यंत स्वतंत्र भारताचा १९४८ चा कारखाना कायदा आला होता: आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ, आठवड्यातून एक सुट्टी, ठरावीक संख्येनं बायका असतील तर पाळणाघर. हे सगळं साखर कारखान्याला लागू झालं. पण गेटच्या आत. आत बॉयलरवरचा, मिलवरचा माणूस आठ तासांच्या पाळीत काम करतो. भोंगा झाला की घरी जातो. बाहेर ऊस तोडणारा कारखान्याचा कामगारच नाही, असं कागदावर ठरलं. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम मजुराशी, आणि तोही बहुतेक तोंडी. भोंगा दोघांनाही ऐकू येतो, सुटी मात्र आतल्यालाच होते.

यंत्राची गरज नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर सगळा दोष एकट्या मुकादमावर टाकून आपण मोकळे होतो. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर कमी होऊ लागते. म्हणून तो शक्यतो दिवसभरात गाळावा लागतो. बॉयलर एकदा पेटला की कारखाना चोवीस तास चालतो. मध्ये थांबवणं महाग पडतं. समजा कारखान्याची क्षमता रोज २,५०० टन आहे. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे अशा एका कारखान्याला रोज बाराशेच्या वर जोड्या लागतात, आणि रोज लागतात. आतल्या यंत्राला पाळ्या बदलून माणसं पुरवली जातात. बाहेर पाळी बदलायला दुसरी जोडी आणायची तर तिला दुसरी उचल द्यावी लागेल. तो खर्च कुणाला नको होता. मग चोवीस तासांच्या यंत्राला एकाच माणसाच्या अंगावर टेकवलं गेलं. ट्रक दुपारी आला तर दुपारी भरायचा, रात्री दोनला आला तर दोनला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, आणि सकाळी पुन्हा फड.

या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. माणसं मोजताना हत्याराचं नाव वापरावं यात नवल नाही, आम्हीही 'वर्गाचा पट' म्हणतो. पण दोन माणसं मिळून एक मोजली की त्यातलं दुसरं माणूस हिशोबातून गळतं. उचल नवऱ्याच्या नावानं, अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकरी थापते, पाणी आणते, फडात ऊस साळते, मोळ्या बांधते, मोळ्या वाहते, संध्याकाळी कोपीवर येऊन पुन्हा चूल. दोघांत तिचा दिवस लांब, आणि वहीत ती नाही.

बीडचीच माणसं का, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज इथल्या गावांत खरिपाची बाजरी निघाली की हाताला काम उरत नाही. जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडे इंग्रजी मुलखात प्रवरा-नीरेचे कालवे निघून ऊस उभा राहिला, तेव्हा आपल्याकडे तसं काही झालं नाही. १९७२ च्या दुष्काळानं उरलीसुरली आशा मोडली आणि कारखान्याची वाट पक्की झाली. वंजारी, मराठा, बौद्ध, मातंग, धनगर, बंजारा, आणि आपलेही, सगळे त्या वाटेनं गेले. एका टोळीत एका ट्रकवर सगळ्या जातीधर्मांची भांडी एकत्र बांधलेली मी दरवर्षी पाहते.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी निघाली आणि १९७७ चा कायदा झाला. रोहयोच्या कामावर पिण्याचं पाणी, लेकरांसाठी सावली, इजा झाली तर उपचार, हे सरकारनं लिहून दिलं. मुंबईच्या हमालांसाठी तर अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला: मंडळात नोंद, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा. डोक्यावर ओझं वाहणारा मुंबईच्या बाजारात माथाडी ठरला; तेच ओझं उसाच्या मोळीचं झालं की वाहणारा कुणीच ठरला नाही. म्हणजे आपल्या राज्याला हे कसं करायचं ते माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही.

आता उचलीबद्दल. कामगार दिनाच्या आसपास जुम्याच्या खुत्ब्यात एक हदीस हमखास ऐकायला मिळते: मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या. चांगली गोष्ट आहे. पण ऊसतोडीच्या बाबतीत ती मला अपुरी पडते, कारण इथे मजुरी घाम येण्याच्याही आधी दिली जाते. पावसाळ्यात, पोरीच्या लग्नात, दवाखान्यात अडचण असताना मुकादम लाखभर रुपये मोजून देतो. वेळेच्या बाबतीत त्याची चूक काढता येत नाही. फास त्या आधी देण्यातच आहे.

हिशोब करून पाहू. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. रोज दोन टन धरले तर जोडीचे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. एक लाखाची उचल फेडायला १३७ दिवस लागतील, एकही खाडा न करता आणि मधे एक पैसाही किराण्याला न घेता. हंगाम ११० दिवसांत आटोपला, म्हणजे पट्टा पडला, तर ८०,५२० रुपयेच फिटतात. उरलेले १९,४८० पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. ज्या घराचा हिशोब न थकताही जुळत नाही, ते घर आजारी पडायला कसं धजेल?

म्हणून मला दुसरी हदीस जास्त जवळची वाटते. ती बुखारीत हजरत अबू जर यांच्या हवाल्यानं आली आहे, आणि आपल्या मिंबरांवरून त्या मानानं कमी ऐकू येते. तिचा आशय असा की तुमच्या हाताखाली काम करणारे तुमचे भाऊ आहेत. त्यांच्या ताकदीबाहेरचं काम त्यांच्यावर टाकू नका, आणि टाकलंच तर स्वतः त्यांना हात लावा. यात मजुरीच्या पुढची गोष्ट आहे. ओझं किती, हे उचलणाऱ्याच्या ताकदीवरून ठरवायचं आणि ओझं देणाऱ्यानं खाली वाकायचं. आपल्यातही मुकादम आहेत, ट्रकमालक आहेत, नमाजी आणि जकात देणारे. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या टोळीतल्या बाळंतिणीचा खाडा सोडला, हे ज्याचं त्याला माहीत.

बायकांच्या अंगावर हे ओझं कसं उमटलं ते २०१९ साली देशानं पाहिलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक, असं धरा.

त्या वेळी वाहिन्यांवर एकच वाक्य फिरत होतं, खाडा नको म्हणून मुकादमानं पिशवी काढायला लावली. प्रकार इतका सरळ नाही. अठराव्या वर्षाच्या आत लग्न, लवकर बाळंतपणं, फडावर ना संडास ना न्हाणी, पाळीच्या दिवसांत एकच कापड, ओल्या पाचटात तासन्‌तास उभं राहणं. यातून अंगावर जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. दुखणं घेऊन बाई गावी येते. सरकारी दवाखाना लांब. खासगीत कॅन्सरची भीती घातली जाते. तीही विचार करते की रोजरोजच्या दुखण्यापेक्षा आणि खाड्यापेक्षा एकदाच काढून टाकलेलं बरं. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाकडून उचल. आणि काही महिन्यांत पुन्हा मोळी डोक्यावर. माझ्या ओळखीतल्या एका आईनं, वय पस्तीसही नसेल, हे सगळं पालक सभेनंतर माझ्याजवळ बसून सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. बाजारभाव सांगावा तसं.

गेल्या कित्येक वर्षांत मजुरांचे लढे झालेच नाहीत असं नाही. गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड मजुरांना राजकीय आवाज दिला, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवायचा, बॉयलर पेटायच्या आधी कारखानदारांना बोलणीला बसवायचं, मग लवादानं दर ठरवायचा, ही पद्धत त्यांच्या काळात रुळली. पवार-मुंडे लवाद हा शब्द आमच्या लहानपणी घरोघरी होता. २०२० मध्ये दर १४ टक्क्यांनी वाढला, २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी, आणि त्यात मुकादमांचं कमिशनही वाढलं. पण दर वेळी भांडण टनाच्या भावाचं राहिलं. दिवस किती तासांचा, रात्रीची भरणी कुणी करायची, आठवड्यातून एक दिवस कोयता खाली ठेवायचा की नाही, हे प्रश्न टेबलाच्या मध्यावर आले नाहीत. लोखंड्यांनी तास आणि दिवस आधी मागितले होते. आपल्याकडे टन आधी मागितला गेला. टनावर मजुरी असेल आणि डोक्यावर उचल असेल, तर दर वाढल्यानं माणूस कमी राबत नाही. मुकादम पुढच्या वर्षी उचल वाढवून देतो आणि गाडा तसाच चालतो. हे माझं मत आहे, लढलेल्या माणसांचा अनादर नाही.

आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यानं १० रुपये त्यासाठी द्यायचे आहेत. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. ग्रामसेवकामार्फत मजुरांना ओळखपत्रं द्यायचं ठरलं. मला या ओळखपत्राचं महत्त्व सगळ्यांत जास्त वाटतं, आणि तेही बाईच्या नावानं वेगळं असेल तरच. कोयत्याला रजा देता येत नाही, माणसाला देता येते. आधी ती वहीत यायला हवी.

तो मुलगा त्या वर्षी दिवाळीनंतर गेला आणि एप्रिलमध्ये परत आला. परीक्षेला अर्जलेखनाचाच प्रश्न होता. त्यानं आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांना, साच्याप्रमाणे. 'महोदय'मध्ये चूक होती, बाकी बरोबर. पाचपैकी चार दिले. पुढच्या वर्षी तो आला नाही; आता त्याचा स्वतःचा अर्धा कोयता आहे, असं त्याच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं. ती यंदा माझ्या वर्गात आहे. हंगामी वसतिगृहाचा तिचा फॉर्म भरून झाला आहे, आईच्या सहीसाठी थांबला आहे, आणि फाट्यावर ट्रॅक्टर लागायला लागलेत.